न्यायासनापुढील वाचक : १८९७ ते २०१५

१

एखाद्या साहित्यकृतीवर खटला उभा राहतो तेव्हा न्यायालयाला, इच्छा असो वा नसो, एक वाङ्मयीन कृत्य करावे लागते. ती कृती वाचावी लागते. मात्र हे वाचन न्यायमूर्ती स्वतःच्या वतीने करीत नसतात. लेखनविषयक गुन्ह्यांची कलमे बहुधा परिणामाच्या भाषेत लिहिलेली असतात. या मजकुराने कोणाच्या मनात अप्रीती निर्माण होईल, कोणाचे मन भ्रष्ट होईल, कोणत्या समूहात वैर उत्पन्न होईल, असे ते प्रश्न असतात. या ‘कोणाच्या’ची सोडवणूक करण्यासाठी न्यायालयाला एक वाचक कल्पावा लागतो. वुल्फगांग इझर यांनी संहितेतच गृहीत असलेल्या अभिप्रेत वाचकाची संकल्पना मांडली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून न्यायालये आपापल्या निकालपत्रांत असा एक वाचक घडवीत आली आहेत. फरक एवढाच की समीक्षेतला अभिप्रेत वाचक चुकला तर एक लेख चुकतो. न्यायालयातला चुकला तर लेखक शिक्षा भोगतो.

भारतातील अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या खटल्यांचा इतिहास बहुधा कलमांचा आणि राज्यघटनेच्या अनुच्छेदांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. प्रस्तुत लेखात तो या कल्पित वाचकाचा इतिहास म्हणून पाहण्याचा प्रयत्न आहे. त्याची दोन टोके मराठी कवितेत आहेत : १८९७ साली ‘केसरी’त छापलेली, शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता, आणि वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता, जिच्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली निर्णय दिला. दोहोंत कालवश महापुरुष वर्तमानात आणण्याची एकच काव्यरीती आहे. या रीतीचे काय करावे हा प्रश्न दोन्ही वेळी न्यायासनापुढे आला, आणि दोन्ही वेळी त्याचे उत्तर कवितेच्या बाहेर शोधले गेले.

२

१५ जून १८९७ च्या ‘केसरी’त शिवाजी उत्सवाच्या वृत्तान्ताबरोबर ‘भवानी तलवारी’च्या खुणेने एक कविता प्रसिद्ध झाली. तीत जागा झालेला शिवाजी आपल्या देशाची अवस्था पाहून विषाद व्यक्त करतो. पुढच्याच आठवड्यात, २२ जूनच्या रात्री, पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. त्यानंतर त्या कवितेचे वाचन गोळीच्या आवाजापासून वेगळे राहणे अशक्यच होते. १८७० साली दंडसंहितेत घातलेल्या १२४ अ या कलमाखाली टिळकांवर मुंबई उच्च न्यायालयात खटला भरण्यात आला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला कलमाचा अर्थ सांगताना ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, अशी व्याख्या केली. सहा युरोपीय ज्यूरींनी दोषी ठरवले, तिघा भारतीय ज्यूरींनी निर्दोष. बहुमताने शिक्षा झाली ती अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला या खटल्यात दोन गोष्टी लक्षणीय वाटतात. पहिली म्हणजे ‘मी’चे स्थान. कवितेतला वक्ता शिवाजी आहे. तो सतराव्या शतकाच्या मूल्यांनी एकोणिसाव्या शतकाकडे पाहतो आणि या दोन काळांच्या अंतरातून विषाद उत्पन्न होतो. सरकार पक्षाच्या दृष्टीने मात्र हे अंतर म्हणजे निव्वळ आवरण होते. वक्ता बाजूला सारला की उरतो तो संपादक, आणि त्याचा हेतू. दुसरी गोष्ट भाषांतराची. ज्यूरीपुढे आली ती मराठी कविता नव्हती, तिचे सरकारी इंग्रजी भाषांतर होते. १९०८ च्या दुसऱ्या खटल्यात टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली, तेव्हा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या अग्रलेखांच्या भाषांतरांतील दोष दाखवण्यात त्यांनी भाषणाचा मोठा भाग खर्च केला. मराठी शब्दाची छटा इंग्रजीत कशी गडद होते हे ते शब्दागणिक सांगत राहिले. त्या अर्थाने ते भाषण राजकीय बचाव आहे तसाच तो मराठी गद्याच्या अर्थनिर्णयनाचा एक मोठा पाठही आहे. ज्यूरीने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने त्यांना दोषी ठरवले.

या पहिल्या टप्प्यावरचा कल्पित वाचक म्हणजे चिथावला जाणारा प्रजाजन. तो उपरोध ओळखत नाही आणि रूपकाचा वाच्यार्थच घेतो. वसाहतीच्या सत्तेला प्रजेविषयी जे भय वाटत होते ते या वाचकाच्या रूपाने निकालपत्रात उतरले.

३

याच काळात इंग्लंडहून आणखी एक वाचक भारतात आला. १८६८ च्या हिकलिन खटल्यात सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी अश्लीलतेची कसोटी सांगितली. ज्यांची मने अनीतीच्या प्रभावाला खुली आहेत आणि ज्यांच्या हाती असा मजकूर पडू शकतो, त्यांना भ्रष्ट करण्याची प्रवृत्ती त्यात आहे काय, हे पाहायचे. कसोटीचे सारे वजन समाजातील सर्वांत दुबळ्या मनावर पडले. कृती कोणासाठी लिहिली यापेक्षा ती चुकून कोणाच्या हाती पडेल हे महत्त्वाचे ठरले.

र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वरील खटल्यांत या कसोटीची विसंगती फार स्पष्ट दिसते. १९२७ साली सुरू झालेल्या या मासिकातील लेखनासाठी कर्व्यांना १९३१ मध्ये शिक्षा झाली. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली, तरीही शिक्षा टळली नाही. या दुसऱ्या खटल्यात आक्षेप होता तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. म्हणजे येथे वाचक कल्पावा लागत नव्हता. तो पत्र लिहून, आपली अडचण सांगून, उत्तराची वाट पाहत मासिकाच्या पानांवर हजर होता. तरीही न्यायालयाने या हजर वाचकाऐवजी दुसरा, गैरहजर आणि दुबळा वाचक साक्षीला घेतला. ज्याला ज्ञान हवे होते त्याच्या गरजेपेक्षा, ज्याने काहीच विचारले नव्हते त्याच्या संभाव्य पतनाची काळजी मोठी ठरली.

मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहावरही अश्लीलतेचा खटला झाला. त्यातून ते निर्दोष सुटले. तथापि तत्त्वाच्या पातळीवर हिकलिनचा वाचक स्वातंत्र्यानंतरही टिकून राहिला. राज्यघटनेच्या १९ (१) (अ) या अनुच्छेदाने अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आणि १९ (२) ने ‘सभ्यता व नीतिमत्ता’ यांच्यासाठी वाजवी निर्बंधांना वाट ठेवली. १९६४ साली रणजित उदेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला तो डी. एच. लॉरेन्सच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’चा. आरोपी मुंबईतील एका पुस्तकांच्या दुकानाचा भागीदार होता. मुल्कराज आनंद यांनी कादंबरीच्या वाङ्मयीन मूल्याविषयी साक्ष दिली. न्यायमूर्ती हिदायतुल्ला स्वतः व्यासंगी वाचक. निकालपत्रात त्यांनी कला आणि अश्लीलता यांचा तौलनिक विचारही केला. पण हिकलिनची कसोटी त्यांनी टाकली नाही, आणि विक्रेत्याची शिक्षा कायम झाली. लॉरेन्स १९३० सालीच वारला होता. लेखक कायद्याच्या पलीकडे गेलेला, आणि शिक्षा पुस्तक विकणाऱ्याला. ही रचना ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण पन्नास वर्षांनी ती नेमकी उलटी होणार होती.

हिकलिनच्या छायेतच एक वेगळा सूर नागपूरहून उमटला होता, हेही येथे नोंदवले पाहिजे. १९४६ साली भगवतीचरण शुक्ल प्रकरणात नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी म्हटले की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीट माणसांच्या मापाने मोजावा. दुर्बल, डळमळीत मनांच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्यांच्या मापाने नव्हे. हा वाचक पुढे चार दशकांनी उपयोगी पडला. १९८८ साली ‘तमस’ मालिकेचा वाद आला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ती आधी स्वतः पाहिली आणि सर्वोच्च न्यायालयाने निर्णय देताना बोसांच्या कसोटीचा आधार घेतला. कृतीचा निवाडा करण्यापूर्वी ती संपूर्ण पाहणे ही गोष्ट साधी वाटते; या इतिहासात ती तितकी सार्वत्रिक नाही.

४

हिकलिनच्या वाचकाला पहिला खरा धक्का बसला तो एका मराठी कथेमुळे, आणि तीही समीक्षेने कधी फारशी दखल न घेतलेल्या लोकप्रिय लेखकाच्या कथेमुळे. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात प्रसिद्ध झाली. खालच्या न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले, उच्च न्यायालयाने लेखक आणि प्रकाशक यांना दोषी धरून प्रत्येकी पंचवीस रुपये दंड केला, आणि १९६९ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला दोषमुक्त केले. दंडाची रक्कम क्षुल्लक होती. प्रश्न क्षुल्लक नव्हता.

न्यायमूर्ती जगन्मोहन रेड्डी यांच्या निकालपत्रातील मुख्य युक्तिवाद असा, की अश्लीलतेची कल्पना देशागणिक आणि काळागणिक बदलते. आणि कोवळ्या वयाच्या मुलांना लैंगिकतेचा स्पर्शही होऊ नये हे लेखकाचे बंधन मानले, तर लेखकांनी केवळ अल्पवयीनांसाठीच लिहावे असे म्हणण्यासारखे होईल. येथे प्रथमच प्रौढ वाचकाला न्यायालयात जागा मिळाली. त्याहून महत्त्वाचे असे की ‘श्यामा’ ही श्रेष्ठ कलाकृती आहे म्हणून ती सुटली नाही. आपल्याकडे अश्लीलतेच्या वादात साहित्यिकांचा बचाव बहुधा कलामूल्यावर उभा असतो : कृती कलात्मक आहे, म्हणून ती अश्लील नाही. या युक्तिवादात एक सापळा आहे. स्वातंत्र्य हे गुणवत्तेचे बक्षीस ठरते, आणि सामान्य कथालेखकाला ते मिळण्याचे कारण उरत नाही. काकोडकर निर्णयाने सामान्य कथेलाही प्रौढ वाचकाचा आश्रय दिला. त्याच वर्षी दंडसंहितेच्या २९२ कलमात दुरुस्ती होऊन विज्ञान, साहित्य, कला व विद्या यांच्या हितासाठी असलेल्या प्रकाशनांना अपवाद मिळाला. हा अपवाद मोलाचा आहेच. पण तो पुन्हा गुणवत्तेच्या दारातून येतो, हे विसरता कामा नये.

रंगभूमीवर हाच प्रश्न १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’च्या निमित्ताने आला. परिनिरीक्षण मंडळाने नाटकाच्या मार्गात उभ्या केलेल्या अडथळ्यांविरुद्ध कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि निर्णय नाटकाच्या बाजूने लागला. त्या लढ्याची हकीकत सारंगांनी ‘बाइंडरचे दिवस’मध्ये लिहून ठेवली आहे. आपल्या दृष्टीने मुद्दा असा की सखारामची भाषा ही सखारामची आहे, तेंडुलकरांची नाही, हा भेद नाटकाच्या बाबतीत पटवणे तुलनेने सोपे असते. पात्र रंगमंचावर उभे असते, लेखक नसतो. कवितेत हा भेद दिसत नाही, तो वाचावा लागतो.

वाचनाचा सर्वांत परिपक्व सिद्धान्त आला तो १९८५ साली, समरेश बसू यांच्या ‘प्रजापति’ या बंगाली कादंबरीच्या खटल्यात. ही कादंबरी १९६७ साली ‘देश’च्या शारदीय अंकात आली होती. बुद्धदेव बसूंनी तिच्या बाजूने साक्ष दिली. तरी खालच्या दोन्ही न्यायालयांत लेखक दोषी ठरला. सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष ठरवताना न्यायाधीशाच्या वाचनाची रीत सांगितली. त्याने आधी स्वतःला लेखकाच्या जागी ठेवावे आणि लेखकाला काय सांगायचे आहे, त्याला वाङ्मयीन मूल्य काय, हे पाहावे. मग ज्यांच्या हाती पुस्तक पडण्याचा संभव आहे अशा सर्व वयोगटांतील वाचकांच्या जागी स्वतःला ठेवावे. आणि त्यानंतर तटस्थपणे निर्णय करावा. ग्राम्य ते सारे अश्लील नव्हे, असेही न्यायालयाने म्हटले. अभिनवगुप्तांनी वाणीचे तत्त्व कवी आणि सहृदय या जोडीत पाहिले होते. १९८५ च्या या निर्णयात ती जोडी जवळजवळ पूर्ण झालेली दिसते. कवीच्या जागेवरून सहृदयाच्या जागेवर जाणे, आणि दोन्ही ठिकाणी स्वतःला विसरणे, हीच तर रसिकतेची अट आहे.

५

२०१४ च्या अवीक सरकार निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हिकलिनला स्पष्टपणे निरोप दिला. वाद होता बोरिस बेकर आणि त्यांची वाग्दत्त वधू यांच्या एका छायाचित्राचा. हिकलिनच्या जागी ‘समकालीन समाजाची मानके’ ही कसोटी आली. दुबळ्या व्यक्तीऐवजी सरासरी समाज. ही निःसंशय प्रगती होती. पण ‘समाज’ हा शब्द आला की त्याच्या मागोमाग समाजाची श्रद्धास्थाने येतात. हे दिसायला फक्त पंधरा महिने लागले.

‘गांधी मला भेटला’ ही कविता बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या, खाजगी वितरणासाठी निघणाऱ्या बुलेटिनच्या जुलै-ऑगस्ट १९९४ च्या अंकात आली. तक्रार होऊन लातूर येथे गुन्हा नोंदवला गेला. २००१ साली दंडाधिकाऱ्यांनी १५३ अ व १५३ ब या कलमांतून आरोपींना मुक्त केले. २९२ कलम मात्र राहिले. उच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. १४ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती दीपक मिश्र आणि न्यायमूर्ती प्रफुल्ल पंत यांच्या पीठाने देविदास रामचंद्र तुळजापूरकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात निर्णय दिला. त्याचे सार असे : कवीला कल्पनेचे स्वातंत्र्य आहे, विचार मांडण्यास बंदी नाही, परंतु ऐतिहासिकदृष्ट्या आदरणीय व्यक्तीचे नाव प्रतीक म्हणून घेऊन तिच्या तोंडी अश्लील शब्द घातले, तर समकालीन समाजमानकांची कसोटी अधिक तीव्रतेने लागू होते. ज्यांनी बिनशर्त माफी मागितली होती त्या प्रकाशक-मुद्रकांना मुक्त करण्यात आले. कवीने मात्र खटल्याला सामोरे जावे, असे ठरले.

या निर्णयाचा विचार करताना प्रथम न्यायालयाच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हटले पाहिजे. गांधींवर टीका करू नये असे न्यायालयाने म्हटलेले नाही. कविता अश्लील आहे असा अंतिम निवाडाही दिलेला नाही. तो खटल्यावर सोपवला आहे. नवी कसोटी निर्माण केली नसून जुनीच कसोटी लावली आहे, असाही न्यायालयाचा दावा आहे. परंतु कसोटी तीच राहून तिचा विषय बदलला आहे, असे मला वाटते. २९२ कलम वाचकाच्या मनाविषयी बोलते : मजकूर वाचून त्याची अवनती होईल काय? येथे प्रश्न येतो तो प्रतिमेच्या अवमानाचा. आदरणीय पुरुषाच्या तोंडचा अपशब्द वाचून वाचकाला दुःख होईल, संताप येईल. त्याची वासना चाळवेल किंवा मन भ्रष्ट होईल असे कोणी म्हणणार नाही. दुखावणे आणि भ्रष्ट करणे या दोन परिणामांतला भेद पुसला गेला, की अश्लीलतेचे कलम आदराच्या रक्षणाचे कलम होऊन बसते. आणि ऐतिहासिक व्यक्तीविषयीचा आदर हा १९ (२) मध्ये निर्बंधाचा स्वतंत्र आधार म्हणून नोंदलेला नाही.

दुसरा मुद्दा काव्यरीतीचा. गांधी निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या माणसांत आणि विचारव्यूहांत भेटतो, ही या कवितेची घडण आहे. भेटणारा गांधी हा मोहनदास करमचंद गांधी नव्हे. ज्या ज्या जागी त्या नावाचे जे काही झाले आहे, ते तो दाखवतो. त्याच्या तोंडचे अपशब्द त्या त्या जागेचे आहेत. १८९७ च्या कवितेत शिवाजीची थोरवी अबाधित राहून वर्तमान खुजे दिसते; १९९४ मध्ये छापलेल्या कवितेत वर्तमानाचा चिखल थेट महापुरुषाच्या अंगावर उडतो. उपरोधाची दिशा तीच आहे, तीव्रता वेगळी. पहिल्या वेळी न्यायालयाने शिवाजीच्या मुखातून संपादकाचा आवाज ऐकला. दुसऱ्या वेळी कवितेतल्या गांधींच्या तोंडचे शब्द कवीने खऱ्या गांधींना चिकटवले, असे वाचले. दोन्ही वाचनांत कवितेतला वक्ता हरवतो.

हा वक्ता ओळखणे मराठी समाजाला अवघड आहे काय? एकनाथांनी भारुडांत नाना जातींच्या, नाना धंद्यांच्या माणसांचा आवाज घेतला आणि तो आवाज कोणाचा हे खेड्यातल्या श्रोत्यालाही कधी सांगावे लागले नाही. जनाबाई विठ्ठलाला ज्या शब्दांनी बोल लावते ते शब्द सुटे काढून कोणापुढे ठेवले तर ती निंदा ठरेल. ते वारकरी परंपरेने भक्ती म्हणून जपले आहेत. ‘समकालीन समाजाची मानके’ म्हणताना या समाजाची वाचनाची, ऐकण्याची ही सवयही मानकांत धरली पाहिजे. समाज म्हणजे केवळ दुखावणारा समूह नव्हे. आवाजांचे भेद शतकानुशतके ओळखत आलेला समूहही तोच आहे.

तिसरा मुद्दा माफीचा. उदेशी खटल्यात लेखक पलीकडे आणि विक्रेता शिक्षेला पात्र, अशी स्थिती होती. २०१५ मध्ये वाहक माफी मागून सुटला आणि कवी एकटा उरला. माफीने गुन्ह्याचे स्वरूप बदलते असे मानले, तर संपादक आणि मुद्रक यांना पुढच्या वेळी काय करणे शहाणपणाचे ठरेल हे सांगायला नको. कवितेवर बंदी घालावी लागत नाही. ती छापणारा मिळेनासा होतो.

६

२०१६ साली मद्रास उच्च न्यायालयाने पेरुमाळ मुरुगन यांच्या ‘मादोरुबागन’ या कादंबरीच्या प्रकरणात वेगळी दिशा दाखवली. वाचायचे की नाही हे वाचकाने ठरवावे, पुस्तक आवडले नाही तर ते बाजूला टाकावे, असे सांगून न्यायालयाने लेखकाला पुन्हा लिहिते होण्यास सांगितले. येथे वाचक दुबळा नाही, दुखावलेला जमावही नाही. तो निवड करणारा आहे. व्हिव्हियन बोसांच्या धीट वाचकाशी त्याचे नाते सरळ जुळते. पण हा उच्च न्यायालयाचा निर्णय आहे, आणि आधीचा सर्वोच्च न्यायालयाचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. २९२ चे आता २९४ झाले आहे. कलमाचा गाभा मात्र बहुतांशी तोच आहे. तेव्हा वाचकाचा प्रश्नही तेथेच आहे.

या इतिहासात कालावधीचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. ‘श्यामा’ला सुटायला सात वर्षे लागली, ‘प्रजापति’ला अठरा. ‘गांधी मला भेटला’ त्या बुलेटिनमध्ये छापली गेली तेव्हापासून केवळ खटला चालवायचा की नाही हे ठरायला एकवीस वर्षे गेली. या दीर्घ काळात मराठी समीक्षेने या कवितेचे सविस्तर, न्यायालयापुढे ठेवता येईल असे वाचन किती केले, हा प्रश्न आपल्याला विचारावा लागेल. निषेधाची पत्रके निघाली, परिसंवाद झाले. अभिव्यक्तिस्वातंत्र्य हवे, हे सर्वांनी म्हटले. पण कवितेतला ‘मी’ कोण, तिच्यातला ‘गांधी’ कोण, अपशब्दाचे कार्य काय, या प्रश्नांची उत्तरे म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही पुरावाच असतो. बुद्धदेव बसू ‘प्रजापति’च्या बाजूने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले ते स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते म्हणून कमी, वाचक म्हणून अधिक. निवेदक आणि लेखक यांतला भेद आपण वर्गात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतो. तोच भेद न्यायालयाला समजेल अशा भाषेत लिहून ठेवणे हे समीक्षेचे काम आहे, आणि ते खटला उभा राहण्याच्या आधी झालेले असावे लागते.